उतारावरचा न्यूट्रल

"गिअर काढलास का रे?"

मामांनी मला हा प्रश्न विचारला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मामाही आज नाहीत. पण डोंगरातून गाडी उतरवताना अजून तो कानात वाजतो.

२००८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मामा-मामी साताऱ्याहून आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. त्यांना रॉकी पर्वत दाखवायचा म्हणून आम्ही एक मोटरहोम भाड्यानं घेतली. मोटरहोम म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं बिऱ्हाड. ओटा, फ्रिज, बिछाने, न्हाणीघर, शिवाय मामींनी घेतलेले चिवड्याचे दोन डबे. परतताना आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडला आणि उतार लागला. त्या वर्षी पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं होतं आणि आमचं हे धूड गॅलनमागे जेमतेम आठ मैल देत होतं. बोगदा अकरा हजार फुटांवर, डेन्व्हर ५,२८० फुटांवर, अंतर साठ मैल. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. पृथ्वी फुकटात घरी नेऊन सोडते आहे, तर इंजिनाला पेट्रोल कशाला पाजा? मी दांडा हळूच न्यूट्रलवर ढकलला.

इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. गाडी इतकी अलगद धावू लागली, की मागे बसलेल्या बायकोनं कौतुकानं विचारलं, "रस्ता नवीन केलाय का?" शेजारी पेंगत असलेल्या मामांनी मात्र डोळे उघडले. तीस वर्षं त्यांनी कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवला होता. झोपेतही त्यांचा एक कान इंजिनाकडे असायचा. साठावरचा काटा मिनिटभरात पंचाहत्तरवर गेला होता. मी ब्रेक दाबत होतो, सोडत होतो, पुन्हा दाबत होतो. मग करपल्यासारखा वास आला.

"गिअर काढलास का रे?" मामांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "आधी गिअरात घे. आता ब्रेकनं वेग उतरव. दाब नीट, घाबरू नकोस. उतरला? आता खालचा गिअर टाक."

इंजिन मोठ्यांदा गुरगुरलं आणि कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी सावरली. पुढच्या गावात पेट्रोल पंपावर थांबलो. पुढच्या चाकांतून बारीक धूर येत होता. मामांनी गाडीला एक फेरी मारली, चाकाजवळ तळहात नेला आणि न टेकवताच मागे घेतला. मला म्हणाले, "किती वाचले?"

मी म्हटलं, "असतील दोन-तीन डॉलर."

मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार. पण मामा पंपाच्या कठड्यावर बसले आणि स्वतःचीच गोष्ट सांगू लागले.

त्यांच्या काळात मालक ट्रिपमागे डिझेल मापून द्यायचा. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तरी ड्रायव्हरचंच. पगार बेताचा. मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्या वाचलेल्या डिझेलमधून यायचे. तेव्हा घाट लागला की गाडी न्यूट्रल करायची, कधी इंजिनच बंद करायचं, हा जणू धंद्याचा रिवाज होता. जुन्या बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं. येणारा-जाणारा तिथं नाणं टाकतो. मामाही टाकायचे. "नाणं टाकलं, की पुढचा उतार त्याच्या हवाली," ते म्हणाले.

एका रात्री ट्रकमध्ये गूळ भरलेला होता. खंडाळ्याहून उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये होती. खालच्या वळणांवर ब्रेक मऊ पडला. पंप मारूनही लागेना. गिअर टाकायला गेले तर दांडा नुसता करकरला, आत जाईना. पुढे एसटीची रातराणी चालली होती आणि तिच्या मागच्या काचेतून झोपलेल्या माणसांची डोकी दिसत होती. मामांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. गटारात चाकं गेली, कडा घासत गाडी थांबली. क्लीनरच्या कपाळाला खोक पडली, बाकी काही नाही. रातराणी पुढे निघून गेली. त्यातल्या एकालाही काही कळलं नाही.

"दुसऱ्या दिवशी मालकानं पेढे वाटले," मामा म्हणाले. "काय गाडी वाचवली, काय ड्रायव्हर आहे! सगळ्या अड्ड्यावर माझं नाव झालं. अरे, घोटाळा मीच केला होता आणि शाबासकीही मलाच!"

"मग सोडलंत ना न्यूट्रल करणं?" मी विचारलं.

"चार महिने सोडलं. मग पुन्हा सुरू. पोट सुटतं का?" ते थोडा वेळ गप्प राहिले. "खरं सोडलं ते आमचा थोरला मुंबईला शिकायला गेला तेव्हा. सणावाराला रातराणीनं घरी यायचा. मग घाटात पुढे लाल दिवे दिसले, की वाटायचं, त्यात हा असला तर?"

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत जाणारी. तिला नवीन शब्दांची वही भरायची असे. तिनं विचारलं, "बाबा, न्यूट्रलला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, "तटस्थ." मामा हसले. म्हणाले, "तटावर उभा असतो तो तटस्थ, बाळा. आम्ही तर पाण्यात होतो."

हा लेख त्या एका वाक्यावरच आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल, कारण नीतीचा प्रश्न इथं यंत्राच्या पोटातच दडलेला आहे. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर भरलेल्या ट्रकला साधारणपणे ८०,००० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६ टनांची मर्यादा आहे. असा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात शंभर लिटर गार पाणी उकळेल. बोगद्यापासून डेन्व्हरपर्यंतची उतरण सतराशे मीटरच्या वर आहे. ही सगळी ऊर्जा कुठंतरी गेलीच पाहिजे. थोडी वारा आणि रस्ता खातात. गाडी गिअरात असेल तर मोठा वाटा इंजिन खातं, कारण तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि इंजिन त्यांना अडवत असतं. न्यूट्रलमध्ये हा वाटेकरी उठून जातो. उरलेला सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ड्रम तापतो, तापून फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकड सुटते. इंजिनच बंद केलं असेल, तर हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे टाकीत आहे तेवढ्या हवेवर भागवायचं. आणि जड ट्रकच्या गिअरबॉक्सची खोड अशी, की एकदा वेग चढला की गिअर पुन्हा आत घेता येईलच असं नाही. मामांचा दांडा म्हणूनच करकरला होता. गिअर निवडायचा तो घाटमाथ्यावर, उतार सुरू होण्याआधी. ट्रकचा परवाना देताना इथं हेच शिकवतात. कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोच्या कायद्यात तर उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडायला सरळ मनाई आहे. मी ती मोडत होतो, हे मला त्या दिवशी ठाऊकही नव्हतं.

गंमत म्हणजे, ज्यासाठी हे सगळं केलं ती बचतसुद्धा खोटी होती. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत न्यूट्रल केल्यानं थोडंफार इंधन वाचायचं. आजचं इंजिन गिअरात असताना पाय उचलला, की उतारावर इंधन जवळजवळ तोडूनच टाकतं. न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला चालू ठेवण्यापुरतं ते पीतच राहतं. म्हणजे तीव्र उतारावर मी दोन-तीन डॉलर वाचवत नव्हतो, उलट थोडे जाळत होतो.

पण बचत खरी असती तर? प्रश्न तिथंच सुरू होतो. आपण मराठी माणसं काटकसरीच्या संस्कारात वाढलो. साबणाच्या उरलेल्या चिपा नव्या वडीला चिकटवणारी ही जात. मामांची बचत तर चैनीसाठी नव्हती, मुलांच्या शिक्षणासाठी होती. मग तिच्यात वाईट काय? मला उत्तर असं दिसतं. काटकसर म्हणजे आपल्या खात्यातून कमी काढणं. उतारावरचा न्यूट्रल दुसऱ्याच्या खात्यातून काढतो. फायदा छोटा, रोजचा आणि माझा. तोटा क्वचित होणारा, पण प्रचंड, आणि पुढच्या गाडीत झोपलेल्या माणसाचा. त्या माणसाला या व्यवहाराबद्दल कुणी विचारलेलं नाही. मामांच्या मनात हा हिशेब चुकत होता तो मुलगा पुढच्या गाडीत 'असू शकतो' हे जाणवेपर्यंत. मुलगा आला आणि हिशेब आपोआप बरोबर झाला. नीतिशास्त्राच्या जाड पुस्तकांत याहून फार वेगळं काही सांगितलेलं असेल असं मला वाटत नाही: पुढच्या गाडीत आपलं माणूस आहे असं समजून चालव.

यावर एक रास्त आक्षेप आहे. अलीकडच्या काही ट्रकांत कंपन्यांनीच अशी सोय केली आहे, की सौम्य उतारावर गिअरबॉक्स आपोआप इंजिनापासून सुटतो आणि गाडी मोकळी धावते. त्यानं इंधन खरोखर वाचतं. मग न्यूट्रल वाईट कसा? फरक असा, की तिथं संगणक सतत पहारा देत असतो. वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला किंवा ड्रायव्हरनं ब्रेकला पाय लावला, की तो क्षणात पुन्हा इंजिन जोडतो. मराठीत 'सैल सोडणं' आणि 'सोडून देणं' असे दोन वेगळे प्रयोग आहेत. पतंगाला ढील देणारा मुलगा मांजा सैल सोडतो, सोडून देत नाही. दोष मोकळं धावण्यात नाही. परत धरण्याची सोय न ठेवता मोकळं होण्यात आहे.

या परत धरण्याच्या सोयीचा एक जुना किस्सा आहे. डिझेल इंजिनांमुळे ज्यांचं नाव जगभर झालं, ते क्लेसी कमिन्स १९३१ साली न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला डिझेल ट्रक घेऊन निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीच्या उतारावर त्यांच्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक, आणि फाटकातून मालगाडी चाललेली. मालगाडीचा शेवटचा डबा गेला आणि ट्रक थोडक्यात त्याच्या मागून निघून गेला. दुसरा कुणी देवाचे आभार मानून विसरला असता. कमिन्स विसरले नाहीत. पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेकचं काम करायला लावणारी युक्ती शोधली आणि १९६१ साली ती बाजारात आली. उतारावर ट्रकमधून फटफट असा जो मोठा आवाज येतो, ज्याबद्दल गावोगावी पाट्या लावून ट्रकवाल्यांना दटावलेलं असतं, तो त्याच ब्रेकचा. रात्री त्या आवाजानं माझी झोपमोड झाली, तर आता मी चिडत नाही. कुणीतरी गिअरात उतरतो आहे, एवढंच मनात येतं.

मामा २०१५ साली गेले. त्यानंतर चार वर्षांनी, २५ एप्रिल २०१९ रोजी, याच आय-७० वर, डोंगर संपून शहर सुरू होतं तिथं लेकवूडजवळ, लाकूड भरलेला एक ट्रक भरधाव खाली आला आणि वाहतुकीत अडकून थांबलेल्या गाड्यांवर आदळला. चार माणसं गेली. ड्रायव्हर तेवीस वर्षांचा होता. ब्रेक गेले, असं त्याचं म्हणणं होतं. बेलगाम ट्रकसाठी बांधलेला चढाचा रस्ता वाटेत होता, तो त्यानं घेतला नाही, असा आरोप झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. कायद्यानं प्रत्येक गुन्ह्याची किमान शिक्षा एकापुढे एक जोडावी लागते, माझे हात बांधलेले आहेत, असं न्यायाधीशांनी सांगितलं. लाखो लोकांनी दयेसाठी सह्या केल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस राज्यपालांनी शिक्षा दहा वर्षांवर आणली.

मंडळी, तो खटला न्यूट्रलचा नव्हता. पण ती बातमी वाचताना माझ्या नाकात तो करपल्याचा वास आला. रस्ता तोच होता. मीसुद्धा त्याच डोंगरातून एक जड गाडी घेऊन उतरलो होतो, तीही ब्रेक गेले म्हणून नव्हे, तर दोन डॉलरसाठी मुद्दाम सोडून. माझ्यापुढे वाहतूक तुंबलेली नव्हती आणि शेजारी मामा होते, एवढाच फरक. मग माझी शिक्षा किती? मामांची किती?

तत्त्वज्ञानात या कोड्याला 'मॉरल लक' म्हणतात. आपण नैतिक नशीब म्हणू. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघांनी १९७६ साली त्यावर निबंध लिहिले, आणि योगायोग असा की दोघांनीही उदाहरण घेतलं ते ट्रक ड्रायव्हरचं. नेगेलचा ड्रायव्हर ब्रेक तपासून घेण्यात हयगय करतो. वाटेत मूल आडवं आलं, तर जन्मभराचा अपराधी. आलं नाही, तर हयगय तीच, पण त्याला कोणी काही म्हणत नाही. मूल येणं-न येणं त्याच्या हातात नव्हतं. मग दोष कमी-जास्त कशानं होतो?

याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याला नवले पुलाजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका ट्रकनं चाळीसहून अधिक गाड्यांना ठोकरलं. डिझेल वाचवण्यासाठी ड्रायव्हरनं इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढं आल्याच्या बातम्या होत्या. अनेक जण जखमी झाले, पण कुणी दगावलं नाही. लेकवूडला त्याहून कमी गाड्या होत्या आणि चार माणसं गेली.

या कोड्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. समाजाला परिणामच दिसतो, म्हणून कायदा परिणामानुसार शिक्षा देतो. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना आपण 'नशीब' म्हणून समजावू शकत नाही. पण स्वतःचा न्याय करताना परिणामाची वाट पाहायची नसते, हे मला पटलं आहे. स्वतःला तोलायचं ते घाटमाथ्यावर, जिथं हात गिअरवर होता आणि निवड आपली होती. त्या तराजूवर मामा आणि मी दोघंही दोषी आहोत, रातराणी सुखरूप गेली तरी. मामांना हे ठाऊक होतं. म्हणूनच ते पेढे त्यांना गोड लागले नाहीत. "मी चांगला ड्रायव्हर नव्हतो, नशीबवान होतो," असं त्या कठड्यावर बसून ते म्हणाले होते. मला वाटतं, ज्या दिवशी माणसाला हे वाक्य खरेपणानं म्हणता येतं, त्या दिवसापासून तो चांगला ड्रायव्हर होऊ लागतो.

आणि त्या तराजूत मालकालाही बसवलं पाहिजे. डिझेल मोजून देणारा आणि वेळेवर पोचण्याचा तगादा लावणारा माणूस घाटात कधीच नसतो. 'मी थोडंच सांगितलं न्यूट्रल कर म्हणून?' असं तो म्हणू शकतो. पण त्यानंच असा उतार तयार केलेला असतो, की सोडून देणं सोयीचं व्हावं. तोही तटावर उभा नाही. स्वस्त माल वेळेवर हवा असणारे आपण तरी कुठं आहोत?

तटस्थ राहणं हा सद्गुण असू शकतो, पण त्यासाठी पायाखाली सपाट जमीन लागते. उतारावर काही न करणं म्हणजे पृथ्वीला हवं ते करू देणं. आणि गाडी जितकी जड, तितका सोडून देण्याचा हक्क कमी. सायकलवरचा पोरगा पाय पसरून उतारावरून सुटला, तर फार तर गुडघा फुटेल त्याचा. छत्तीस टनवाल्याला ती मजा करता येत नाही. ज्याच्या सुटण्यानं दुसऱ्याचं जास्त बिघडतं, त्यानं जास्त धरून राहायचं.

आता मुलगी मोठी झाली आहे. हिवाळ्यात मित्रमैत्रिणींना घेऊन स्कीइंगला जाते आणि रविवारी संध्याकाळी त्याच रस्त्यानं परतते. त्या उतारावर ट्रकवाल्यांसाठी एकामागून एक पाट्या आहेत: फसू नका, उतार अजून संपलेला नाही, अशा अर्थाच्या. शहर समोर दिसू लागलं की संपल्यासारखा वाटतो, पण संपलेला नसतो. ती निघताना फोन करते आणि मी नेहमीचंच सांगतो. ती हसून म्हणते, "हो बाबा, गिअरातच उतरेन. पुढच्या गाडीत मामाआजोबांचा मुलगा आहे."